केमोनंतरची कणकण

केमोचं सलाईन होऊन आठवडा झालेला. उलट्या थांबल्या, दोन घास पोटात जाऊ लागले, घरचे जरा निर्धास्त झाले. नेमके याच सुमाराला, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान, वॉर्डातल्या भाषेत सांगायचं तर 'काउंट पडतात'.

केमोची बरीच औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जाही सापडते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी तयार होतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्या मायक्रोलिटरला साधारण दीड हजारांच्या वर असतात. ५००च्या खाली गेल्या की साधा जंतूही जिवावर बेततो. पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका धोका मोठा, हे अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांवरून दाखवून दिलं.

गोम पुढेच आहे. पू बनतो तो मुख्यतः याच पेशींचा. त्याच नसतील तर जखम चिघळूनही पू दिसत नाही, न्यूमोनियातही बेडका पडेलच असं नाही. अनेकदा खूण उरते ती एकच: ताप. आणि तापाचं घरगुती उत्तर ठरलेलं, 'एक क्रोसिन घे, सकाळी बघू.' गोळीने पारा उतरतो, जंतू तिथेच राहतात.

घरचे पाहुण्यांना दारात अडवतात, ते ठीकच. पण यातले बरेच जंतू रुग्णाच्याच तोंडातले नि आतड्यातले असतात. म्हणून हात धुण्याइतकाच थर्मामीटर महत्त्वाचा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की रात्र असली तरी निघायचं. अंग तापलं नसूनही हुडहुडी, धाप किंवा गुंगी असेल, तरीही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य 'केमो चालू आहे' हे, कारण अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. तेवढी सवड नसते.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णाला परळचं टाटा हॉस्पिटल जवळ आहे. केमो घेऊन एसटीने गावी परतणाऱ्याचं काय? मध्यरात्री जवळ कुठे जायचं, फोन कोणाला करायचा, हे त्याने डिस्चार्जच्या वेळीच विचारून फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून घ्यावं. फाइल उशाशी ठेवावी, कपाटात नव्हे.