प्रोसेसरचे वर्णन आणि शब्दांची शिस्त : डिव्हाइसट्री स्कीमा-दस्तऐवजांचा परिचय

प्रास्ताविक

ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते त्या क्षणी तिला काही प्रश्नांची उत्तरे हवी असतात. या यंत्रात प्रोसेसरचे कोअर किती आहेत? प्रत्येक कोअरचा ओळखक्रमांक कोणता? पहिला कोअर जागा झाल्यावर उरलेल्यांना जागे कसे करावयाचे? ही उत्तरे कोणीतरी आधी लिहून ठेवावी लागतात. ती कोणत्या शब्दांत लिहावीत, कोणता शब्द अनिवार्य, कोणता ऐच्छिक आणि प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ काय, हे ठरवून देणारा दस्तऐवज म्हणजे प्रोसेसरचा स्कीमा होय. वरकरणी हा विषय केवळ अभियंत्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो शब्दार्थ निश्चित करण्याचा, म्हणजे भाषेचाही विषय आहे. म्हणून संगणक शिकविणाऱ्या आणि भाषा शिकविणाऱ्या अशा दोन्ही अध्यापकांना तो उपयुक्त ठरावा.

वर्णनाची गरज

घरातील किंवा कार्यालयातील नेहमीच्या पीसीमध्ये ही माहिती मदरबोर्डवरील फर्मवेअर 'एसीपीआय' नावाच्या तक्त्यांतून पुरविते. यूएसबी व पीसीआय पद्धतीची उपकरणे तर विचारले असता स्वतःची ओळख स्वतःच देतात. परंतु सेट-टॉप बॉक्स, राउटर, छोटे शैक्षणिक संगणक-बोर्ड यांत एकाच चिपवर सारे भाग एकवटलेले असतात. त्यांतील बहुतेक भाग आपण होऊन काहीच सांगत नाहीत. त्यांची माहिती बाहेरून द्यावी लागते.

यावरचा उपाय जुना आहे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संगणकांवरील फर्मवेअरमध्ये यंत्राचे वर्णन झाडाच्या रूपाने ठेवण्याची पद्धत होती. 1994 मध्ये आयईईई 1275 म्हणजे 'ओपन फर्मवेअर' या मानकाने तिला सर्वमान्य रूप दिले. मूळ यंत्र हे खोड, त्यातून फुटणाऱ्या फांद्या म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि इतर उपकरणे, आणि प्रत्येक फांदीवर तिचे गुणधर्म, अशी ही कल्पना. लिनक्सने ती पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी स्वीकारली. एआरएम प्रोसेसरांच्या बाबतीत मात्र बरीच वर्षे प्रत्येक नव्या बोर्डासाठी सी भाषेतील वेगळी फाइल लिहिली जात असे. या फाइलींचा पसारा इतका वाढला की 2011 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमसाठीही डिव्हाइसट्रीचा अवलंब वेगाने झाला. यंत्राचे वर्णन प्रोग्रॅममधून निघून स्वतंत्र मजकुरात आले. 'यू-बूट'सारखा बूटलोडर आणि 'फ्री-बीएसडी'सारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा असे वर्णन वाचतात. म्हणूनच त्यात यंत्र काय आहे एवढेच लिहावे, अमुक ऑपरेटिंग सिस्टीमने काय करावे ते लिहू नये, असा संकेत आहे.

साध्या मजकुरापासून स्कीमाकडे

वर्णन स्वतंत्र झाल्यावर त्याचे नियम कोठेतरी नोंदविणे आले. या नियमांना 'बाइंडिंग' म्हणतात. प्रारंभी ते साध्या इंग्रजी गद्यात, टेक्स्ट फाइलींत लिहिले जात. माणूस ते वाचू शकत होता, पण यंत्राला ते तपासता येत नव्हते. परिणामी नियम एका बाजूस आणि प्रत्यक्ष वर्णने दुसऱ्या बाजूस अशी स्थिती निर्माण झाली. एखाद्याने गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकविले, तरी डिव्हाइसट्रीचा कंपायलर ते निमूटपणे स्वीकारी. त्याच्या दृष्टीने ते केवळ एक अपरिचित नाव असे.

अशा चुकीची किंमत लहान नसते. 64-बिट एआरएम यंत्रात, ज्या कोअरवर संगणक सुरू झाला त्याचा क्रमांक वर्णनात सापडला नाही, तर लिनक्स उरलेले कोअर चालूच करीत नाही. चार कोअरचे यंत्र एकाच कोअरवर चालू राहते. पडदा उजळतो, कामही होते, फक्त ते संथपणे होते. दोष चिपमध्ये नसून मजकुरातील एका अंकात आहे, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

2018-19 पासून लिनक्समधील बाइंडिंग-दस्तऐवज टप्प्याटप्प्याने 'यामल' या लेखनपद्धतीत आणि 'जेसन-स्कीमा'च्या शब्दावलीत आणले जाऊ लागले. दस्तऐवज माणसाने वाचण्याजोगा राहिला आणि यंत्राने तपासण्याजोगाही झाला.

प्रोसेसरच्या स्कीमाची रचना

अशा दस्तऐवजाचे भाग ठरलेले असतात. आरंभी परवान्याची ओळ, नंतर दस्तऐवजाची ओळख, शीर्षक, देखभाल करणाऱ्यांची नावे आणि गद्य वर्णन. पुढे गुणधर्मांची यादी, अनिवार्य गुणधर्मांची यादी आणि शेवटी नमुना. यामलमध्ये कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते समासावरून ठरते. समास सोडण्यासाठी स्पेस वापरावी लागते, टॅब चालत नाही.

एआरएम प्रोसेसरचा स्कीमा उदाहरणादाखल घेता येईल. मूळ फाइलीत सर्व नावे रोमन लिपीत असतात, येथे ती देवनागरीत दिली आहेत. सर्व कोअर 'सीपीयूज' नावाच्या एका नोडखाली येतात. या नोडमध्ये 'अ‍ॅड्रेस-सेल्स' हा गुणधर्म ओळखक्रमांकासाठी 32 बिटांची किती घरे लागतील ते सांगतो. 'साइझ-सेल्स'चे मूल्य शून्यच असावे लागते. याचे कारण साधे आहे : स्मृतीला पत्ता असतो आणि लांबीही असते, कोअरला क्रमांक असतो पण लांबी नसते.

प्रत्येक कोअरच्या नोडमध्ये तीन गुणधर्म अनिवार्य आहेत. 'डिव्हाइस-टाइप'चे मूल्य 'सीपीयू' असावे. 'रेग'मध्ये कोअरचा ओळखक्रमांक असावा, आणि तो प्रोसेसरच्या स्वतःच्या रजिस्टरमधील क्रमांकाशी जुळावा. 'कम्पॅटिबल'मध्ये निर्मात्याचे नाव, स्वल्पविराम आणि प्रकाराचे नाव असावे, जसे 'एआरएम,कॉर्टेक्स-ए53'. मान्य नावांची यादी स्कीमातच दिलेली असते. यादीबाहेरचे नाव वापरावयाचे असल्यास आधी ते यादीत समाविष्ट करून घ्यावे लागते.

काही गुणधर्म सशर्त असतात. कोअर जागा करण्याची रीत 'एनेबल-मेथड' सांगतो. 64-बिट एआरएमवर त्याचे मूल्य 'पीएससीआय' किंवा 'स्पिन-टेबल' असते. पहिल्या रीतीत फर्मवेअरला विनंती केली जाते. दुसऱ्या रीतीत कोअर स्मृतीतील एका ठरावीक जागेकडे पाहत थांबलेला असतो, म्हणून त्या जागेचा पत्ताही द्यावा लागतो. 'अमुक असेल तर तमुक हवेच' अशा प्रकारची अट गद्यात लिहिली तर वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकते. जेसन-स्कीमाच्या शब्दावलीत तिच्यासाठी स्वतंत्र रचना उपलब्ध आहे.

दस्तऐवजाच्या शेवटी दिलेला नमुना शोभेचा नसतो. 'डीटी-बाइंडिंग-चेक' ही आज्ञा दिली असता स्कीमा स्वतः नियमांत बसतो की नाही हे पाहिले जाते आणि नमुना कंपाइल करून त्याच स्कीमाशी ताडला जातो. 'डीटीबीज-चेक' ही दुसरी आज्ञा प्रत्यक्ष बोर्डांची वर्णने तपासते. अनेक स्कीमांत 'याखेरीज दुसरे गुणधर्म मान्य नाहीत' असेही बजावलेले असते. अक्षर चुकलेले नाव तेथे अडते.

एका अक्षराचा अर्थ

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण 'रिस्क-फाइव्ह' प्रोसेसरांचे आहे. या प्रोसेसरांची क्षमता अक्षरांनी दर्शविण्याची रूढी आहे. 'आय' म्हणजे पूर्णांकांच्या मूलभूत आज्ञा, 'एम' म्हणजे गुणाकार-भागाकार, 'ए' म्हणजे अविभाज्य स्मृतिक्रिया, 'एफ' आणि 'डी' म्हणजे दशांशचिन्हांकित संख्यांची एकेरी व दुहेरी अचूकता, 'सी' म्हणजे संक्षिप्त आज्ञा. डिव्हाइसट्रीत ही अक्षरे सलग जोडून 'आरव्ही64आयएमएएफडीसी' अशी एकच शब्दमाला लिहिली जात असे.

अडचण उद्भवली ती अर्थाची. पूर्वी 'आय'मध्येच नियंत्रण-रजिस्टरांच्या आज्ञा आणि आज्ञाप्रवाह समक्रमित करणारी आज्ञा समाविष्ट होती. 2019 च्या मानकात त्या बाहेर काढून त्यांना 'झिसीएसआर' आणि 'झिफेन्सआय' अशी स्वतंत्र नावे देण्यात आली. आता जुन्या बोर्डावरील 'आय' आणि नव्या मानकातील 'आय' दिसायला एक, पण अर्थाने वेगळे झाले.

भाषेच्या अध्यापकाला हा प्रकार नवा नाही. फारसीतून आलेला 'शिकस्त' हा शब्द उर्दूत पराभव दर्शवितो. तोच शब्द मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' या प्रयोगात पराकाष्ठा दर्शवितो. माणूस संदर्भावरून अर्थ सावरून घेतो. यंत्राला ती सवलत नाही. नसलेली आज्ञा आहे असे समजून त्याने ती चालविली, तर प्रोग्रॅम तेथेच कोसळतो.

2023 मध्ये लिनक्सच्या बाइंडिंगमध्ये या प्रश्नाचा निकाल लावण्यात आला. जुनी शब्दमाला 'कालबाह्य' म्हणून नोंदविली गेली आणि तिच्या जागी दोन गुणधर्म आले. पहिला मूळ संचाचे नाव सांगतो, दुसरा विस्तारांची एकेक करून यादी देतो. एक लिहिला तर दुसराही लिहिलाच पाहिजे. यादीतील नावाची व्याख्या स्कीमात दिलेली असून, ते नाव कोणत्या मानकाच्या कोणत्या आवृत्तीनुसार घ्यावयाचे तेही तेथे नमूद केलेले असते. मानक उद्या बदलले तरी स्कीमातील शब्दाचा अर्थ बदलत नाही. नव्या अर्थासाठी नवा शब्द घ्यावा लागतो. जुनी शब्दमाला मात्र पुसून टाकलेली नाही, कारण ती वापरणारे बोर्ड लोकांच्या हाती आहेत आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांवरही चालली पाहिजे. एकदा दिलेला शब्द पाळावयाचा, हे या क्षेत्रातील मूलभूत पथ्य आहे.

तपासणीची मर्यादा

स्कीमा रूप तपासतो, सत्य तपासत नाही. 'रेग'मध्ये संख्या आहे की नाही हे त्याला कळते. ती संख्या त्या चिपमधील कोअरचीच आहे की नाही, हे त्याला कळत नाही. दुसऱ्या गटातील पहिल्या कोअरचा क्रमांक षोडशमान पद्धतीत 100 असताना कोणी 4 लिहिला, तर तपासणी निर्वेध पार पडेल आणि कोअर मात्र झोपलेलाच राहील. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, तसेच हे आहे. यासाठीच दस्तऐवजातील गद्य वर्णनाचे महत्त्व कमी होत नाही. हा अंक कोणत्या रजिस्टरमधून घ्यावा, त्यातील कोणते बिट घ्यावेत, कोणते शून्य ठेवावेत, हे वर्णनच सांगते. ते संदिग्ध असेल तर प्रत्येक लेखक आपल्या समजुतीने अंक भरील आणि यंत्राची तपासणी त्याला हरकत घेणार नाही.

समारोप : अध्यापनाच्या दृष्टीने

आय.आय.टी. मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतात विकसित झालेले प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर आधारलेले आहेत. त्यांपैकी सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहिता येणे पुरेसे नाही, वर्णन अचूक लिहिता आले पाहिजे. तपासणीची साधने विनामूल्य असून साध्या संगणकावर चालतात. विद्यार्थ्यांना एक सदोष नमुना द्यावा, तपासणीने दाखविलेले दोष दूर करवून घ्यावेत आणि मग तपासणीला न सापडलेला एक दोष शोधावयास सांगावा. तो शोधण्यासाठी त्यांना गद्य वर्णन वाचावे लागेल आणि चिपच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावे लागेल. या दुसऱ्या कामासाठी संगणकाचा आणि भाषेचा अध्यापक एकाच वर्गात उभे राहिले, तर दोघांनाही शिकविण्यासारखे पुष्कळ आहे.