हँडिकॅप संपतो तिथून पुढे

10 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसजवळच्या ‘ल गोल्फ नॅशनल’ मैदानावर महिला गोल्फचं ऑलिंपिक सुवर्ण न्यूझीलंडच्या लिडिया कोनं जिंकलं. तिच्या मागे दोनच फटक्यांवर जर्मनीची 25 वर्षांची एस्थर हेन्सेलाइट होती. शेवटच्या दिवशी 66 फटक्यांत फेरी संपवून तिनं रौप्य मिळवलं. गोल्फमधलं जर्मनीचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. सहा वर्षांपूर्वी ही मुलगी हौशी खेळाडू होती.

एस्थरचा जन्म 1999 सालचा, उत्तर समुद्राकाठच्या फारेल गावातला. घडली मात्र ती हॅम्बुर्गच्या फाल्केनश्टाइन क्लबात. हॅरी कोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेलं हे जुनं मैदान. बर्नहार्ड लांगर यांनी 1981 मध्ये इथेच जर्मन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले जर्मन. फुटबॉलवेड्या या देशात गोल्फला मोठी गर्दी लाभत नाही. नोंदणीकृत खेळाडू मात्र साडेसहा लाखांहून अधिक आहेत आणि त्यांचा आधार म्हणजे क्लब. गोल्फ एकट्यानं खेळायचा खेळ खरा, पण जर्मन गोल्फ लीगमध्ये क्लबांचे संघ एकमेकांशी भिडतात. तिथे कोवळ्या वयाच्या मुलीलाही आपला चुकलेला फटका सगळ्या संघाला भोवतो हे कळतं. दडपणाची सवय अशी लागते.

हौशी गोल्फमध्ये खेळाडूची पत हँडिकॅपवरून ठरते. सामान्य खेळाडूला त्यातून फटक्यांची सवलत मिळते. अव्वल हौशी खेळाडूला उलट फटके द्यावे लागतात. व्यावसायिक स्पर्धेत हे सगळं संपतं. सगळ्या जणी एकाच रेषेवरून निघतात आणि मारलेला प्रत्येक फटका मोजला जातो. साधारण दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो. त्याखाली राहिलेलीला बहुधा बक्षिसातला वाटा मिळत नाही; विमानभाडं, मुक्काम, कॅडीचा मेहनताना हे खर्च मात्र चुकत नाहीत. एस्थर हौशी होती त्या काळच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नसे. त्यामुळे व्यावसायिक खेळाचा उंबरठा ओलांडताना गाठीला स्वतःच्या खेळातून आलेली पुंजी नसायची.

सांड्रा गाल आणि सोफिया पोपोव्ह या जर्मन खेळाडूंनी व्यावसायिक होण्याआधी अमेरिकी विद्यापीठांची वाट धरली होती. एस्थर पात्रता स्पर्धेतून थेट युरोपियन टूरवर आली, तेही 2019 मध्ये, जेव्हा हा टूर स्पर्धांच्या तुटवड्यानं अडचणीत होता. अमेरिकेतल्या एलपीजीए या महिला टूरशी भागीदारीचा निर्णय त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. म्हणजे तिनं पाऊल टाकलं ते पडत्या काळात.

डिसेंबरात केनियातल्या विपिंगो रिजवर मोसमाची शेवटची स्पर्धा झाली. अखेरच्या दिवशी 64 फटक्यांची फेरी खेळून एस्थरनं पहिलं विजेतेपद मिळवलं. एका फटक्यानं मागे राहिली ती आपली अदिती अशोक. पदार्पणाच्या वर्षीच एस्थर सर्वोत्तम नवोदित ठरली आणि गुणतालिकेतही पहिली आली. पुढच्या वर्षापासून ती एलपीजीए टूरवर खेळू लागली. तिथे पहिल्या विजयाची वाट पाहतच ती पॅरिसला पोहोचली, म्हणून या रौप्याचं मोल मला अधिक वाटतं.

सगळ्यांची वाट इतकी सरळ नसते. पोपोव्ह 2014 मध्ये व्यावसायिक झाली. लाइम आजारानं तिची उमेदीची वर्षं खाल्ली. 2020 मध्ये रॉयल ट्रूनवर महिला ब्रिटिश ओपन जिंकून ती ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा, जिंकणारी पहिली जर्मन महिला झाली, तेव्हा जागतिक क्रमवारीत तिचा क्रमांक होता 304. जर्मनीच्याच लेओनी हार्मला 2013 मध्ये मद्यधुंद चालकाच्या गाडीनं उडवलं. मरणाच्या दारातून परतलेल्या या मुलीनं 2018 मध्ये महिलांचं ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळवलं. तो मान मिळवणारीही ती पहिलीच जर्मन.

तिघींच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की जाणवतं, गुणवत्ता दारापर्यंत नेते. आत टिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी पुरवावा लागतो. जर्मनीत क्लब, संघटना आणि लीग मिळून हौशी वयात तो पुरवतात. व्यावसायिक झाल्यावर मात्र खेळाडू बरीचशी एकटी पडते. अदितीचं टोकियो ऑलिंपिकमधलं पदक एका फटक्यानं हुकलं तेव्हा आपण हळहळलो. त्या हळहळीचा उपयोग करायचा असेल, तर पदकाच्या दिवसाची वाट न पाहता उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलींच्या पहिल्या दोन-तीन मोसमांचा खर्च उचलायला हवा. खेळ सुटण्याचा धोका सर्वांत जास्त तिथेच असतो.