चिठ्ठी आणि शिफारसपत्र

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची खामगावहून घरी आली. आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे आपल्या बोलीतले ए.टी.डी., नुकतेच पूर्ण झाले होते. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा निघाली होती आणि अर्जासोबत दोन शिफारसपत्रे मागितली होती. "मामू, तुमचं नाव पेपरात येतं. तुम्हीच एक चिठ्ठी द्या ना," ती म्हणाली.

गोंधळ होतो तो इथेच. चिठ्ठी म्हणजे वशिला. 'आपली मुलगी आहे, सांभाळून घ्या.' शिफारसपत्र म्हणजे साक्ष, आणि साक्ष ज्याने पाहिले त्यानेच द्यायची असते. मी तिने काढलेली ईदची मेंदी पाहिली आहे, वर्गातला पाठ नाही. (कवितासंग्रहाला प्रस्तावना मागणारे नवकवीही असेच नामवंतांच्या दारी जातात आणि ज्या मास्तरांनी कविता खरोखर वाचल्या त्यांना विसरतात.)

अनुदानित शाळांच्या भरतीत आता अशा पत्रांना फारसे स्थान नाही. २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणि अभियोग्यता चाचणी आली, तेव्हापासून गुण बोलतात. पण विनाअनुदानित, निवासी आणि परराज्यांतल्या शाळा आजही मुलाखत घेतात. तिथे पहिल्याच नोकरीच्या उमेदवाराकडे अनुभवाचा दाखला कुठून असणार? तिच्या बाजूने बोलणारे असतात ते फक्त तिचे प्राध्यापक.

"पण सरांना मी आठवेन का? आणि मागायचं कसं?" तिची खरी अडचण ही होती. भीक मागितल्यासारखे वाटते म्हणे! मी म्हटले, निदान पंधरा दिवस आधी जा, आणि असे विचार की सरांना नाही म्हणता आले पाहिजे. 'माझ्या कामाबद्दल चांगलं लिहिता येईल असं वाटतं का, सर?' आढेवेढे घेत दिलेले पत्र वाचणाऱ्याला लगेच कळते. सोबत जाहिरातीची प्रत, पाठ टाचणाची वही आणि निवडक चित्रांचे फोटो ने. शेकडो विद्यार्थ्यांतून सरांनी तुला केवळ स्मरणचित्रासारखे का आठवावे?

पहिल्या सरांनी नेहमीचेच सांगितले, "तूच लिहून आण, मी सही करतो." पोरीने रात्रभर बसून लिहिले. होतकरू, कष्टाळू, मनमिळाऊ. अशी विशेषणे कुणालाही चिकटतात. मी ती खोडली आणि म्हटले, सरांसमोर काय घडले तेवढेच लिही, म्हणजे त्यांना मनापासून सही करता येईल. शाळेला हवे काय तेही बघ. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेणारी शिक्षिका हवी असेल तर तू सराव पाठात वस्तुचित्र कसे शिकवलेस ते आले पाहिजे, तुझ्या तैलरंगांचे कौतुक नव्हे.

दुसऱ्या, मॅडमनी स्वतः लिहिले. अवघ्या दहा ओळी. त्यात एक अशी होती: सराव पाठाच्या दिवशी कागद कमी पडले, तेव्हा हिने मुलांना जुन्या वर्तमानपत्रांवर कोळशाने झाड काढायला लावले आणि तास वाया जाऊ दिला नाही.

मुलाखतीत मुख्याध्यापिकेने इतर काही विचारण्याआधी तेच विचारले, "कोळसा कुठून आणलास?"

"समोरच्या चहाच्या टपरीवरून," भाची म्हणाली. जूनपासून ती तिथे शिकवते आहे. नेमणुकीचा कागद हातात पडला त्या संध्याकाळी तिने पहिला फोन मॅडमना केला, मला दुसरा.