सीटचा दांडा बारीक पडला तर

मलकापुराहून कऱ्हाडला सायकलने शिकायला जाणारी मुले आपण रोज पाहतो. सीटचा दांडा बारीक पडला, की आपण नुसता बोल्ट आवळत सुटतो. मग फ्रेमची नळी चेपते, चिरते, आणि खड्ड्यात सीट एकदम खाली बसते. त्यापेक्षा मध्ये पत्र्याचे वेटोळे, म्हणजे शिम, घाला. हिशेब सोपा आहे. नळी आतून 27.2 मिलिमीटर, दांडा 25.4, फरक 1.8. पत्रा दोन्ही अंगांना येतो, म्हणून त्याची जाडी निम्मी, 0.9. शिमची चीर नळीच्या चिरेवर आणा, म्हणजे आवळताना ती नीट मिटेल. दांड्यावरची खूण मात्र नळीत बुडालीच पाहिजे. आधी स्वतः बसून पाहा. सीट हलली नाही, तरच मुलाच्या हाती सायकल द्या.