सत्रापूर्वीचे वर्ग आणि मजुरीचा रकाना

कारखान्यांचे भावी व्यवस्थापक जेथे घडतात, त्या शाळांत पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच थोड्या दिवसांचे, पण कसून अभ्यासाचे वर्ग भरतात. अमेरिकेतील अनेक व्यवस्थापनशाळांत त्यांतल्या गणिताच्या वर्गांना ‘मॅथ कॅम्प’ असेच म्हणतात. कामगार चळवळीतल्या माणसांना याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. या मुलांच्या सहीने उद्या कोणी कामावर लागेल, कोणी घरी बसेल.

प्रथम हे वर्ग का लागतात ते पाहू. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली. आरंभी हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेचे तिला साहाय्य होते, आणि तेथली केस पद्धत तिने घेतली. या पद्धतीत एखाद्या धंद्याची हकीकत आकड्यांसकट आधी वाचावयास देतात आणि वर्गात विचारतात, ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?’ ज्याला ताळेबंद वाचता येत नाही तो पहिल्याच दिवशी मुका होतो. अशा वर्गात इंजिनियर असतो, तसा इतिहासाचा पदवीधरही असतो. तालुक्याच्या गावी मातृभाषेत शिकलेला मुलगाही असतो. मागून येणाऱ्याला इतरांच्या बरोबरीने उभे करणे, हे या थोड्या दिवसांचे खरे काम होय. आमच्या मते ते न्यायाचे काम आहे.

तेथे शिकवितात त्यांतला एकच धडा घेऊ. दहा लाखांचे यंत्र दहा वर्षे चालणार असेल, तर सरळ हिशेबाने दरसाल एक लाख रुपये घसारा म्हणून खर्ची पडतात. रोकड त्या साली तिजोरीतून जात नाही, पण नफा तेवढा कमी दिसतो. १९६५ च्या बोनस कायद्यातही वाटपाची रक्कम काढण्यापूर्वी घसारा वजा होई. हे न समजता आम्ही कामगार बोनसची बोलणी करावयास बसलो, तर आमचीही गत त्या मुक्या विद्यार्थ्यासारखीच.

पण यंत्र झिजते हे मांडणाऱ्या त्याच पत्रकात माणसाच्या झिजेला रकाना नाही. मजुरी तेथे केवळ खर्च म्हणून येते. विद्यार्थ्याची पहिली ओळख अशी झाली, की खर्च दिसला की कापावा, हेच त्याच्या हाती बसते.

वास्तविक अहमदाबादपाशी याहून मोठा धडा आहे. १९१८ साली तेथील गिरणी कामगारांनी महागाईसाठी पस्तीस टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले. कामगारांच्या बाजूस गांधीजी व अनसूयाबेन साराभाई, तर मालकांच्या बाजूस अनसूयाबेनचे सख्खे भाऊ अंबालाल. प्रश्न लवादाकडे गेला आणि आनंदशंकर ध्रुव यांनी पस्तीस टक्के मान्य केले. त्याच अंबालालांचे पुत्र विक्रम साराभाई पुढे व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत अग्रभागी होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या वर्गांत एक दिवस मजुराच्या घरखर्चाच्या हिशेबासाठी ठेवावा. भाडे, धान्य, मुलांची फी आणि सावकाराचे व्याज मुलांनी स्वतः मांडावे. मग ताळेबंद उघडावा. मजुरीचा आकडा तोच राहील. त्यामागे किती माणसे जेवतात, हे मात्र वाचणाऱ्याला कळेल.