माझ्याच बीटवर आलेलं पाकीट

दहिसर पूर्वेला मी एकतीस वर्षं पोस्टमन होतो. पिनकोड ४०००६८. रावळपाडा, आनंदनगर, स्टेशनच्या आसपासच्या जुन्या चाळी आणि पुढे त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, हे सगळं मी पायी पालथं घातलंय. कोर्टाचं पाकीट हाताला लागलं की ओळखू यायचं. जाडजूड, स्टेपल मारलेलं, सोबत पोचपावती जोडलेली. दार उघडणाऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव वाचून दाखवलं की त्याचा हात मागे जायचा. "काका, घरात कोणी नाही असं लिहा ना," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजलेलं नाही.

२०१६ च्या जुलैमध्ये सकाळी सॉर्टिंग करताना एका पाकिटावर माझ्याच घराचा पत्ता दिसला. नाव माझ्या मुलीचं होतं आणि पाठवणारं ठाण्याचं कुटुंब न्यायालय. मुलगी आदल्या दिवाळीत चार वर्षांच्या नातीला घेऊन माहेरी आली होती. परत गेली नव्हती. त्या दिवशी बीट संपवून मी ते पाकीट सगळ्यात शेवटी घरी नेलं. तिनेही तेच म्हटलं जे सगळे म्हणतात. "बाबा, परत पाठवा. मी घेतलंच नाही तर काय करतील?"

काय करतात ते मला ठाऊक होतं. पाकीट नाकारलं की पोस्टमनला त्यावर 'रिफ्यूज्ड' असा शेरा मारून ते परत पाठवावं लागतं. पत्ता बरोबर असेल तर न्यायालय या शेऱ्याचा अर्थ 'समन्स पोहोचलं' असाच घेतं. दाराला कुलूप असलं तर चिठ्ठी ठेवायची, सात दिवस वाट पाहायची आणि मग पाकीट परत. पुढे बेलिफ येतो किंवा दारावर नोटीस चिकटवली जाते. तरीही कोणी हजर झालं नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं आणि निकालही लागतो. असा निकाल रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी साधारण ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि आपण का आलो नाही याचं पटण्याजोगं कारण द्यावं लागतं. पोस्टमनला आपण होऊन 'घरात नाही' असं लिहायला सांगून कोणाचा घटस्फोट टळल्याचं मी पाहिलं नाही. मी तिच्यापुढे पेन धरलं. माझ्या हातातल्या कागदावर माझ्या मुलीने सही केली. त्या सहीतला 'र' वाकडा आला होता, तो आजही डोळ्यांसमोर आहे.

आत घटस्फोटाचा अर्ज नव्हताच. जावयाने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज केला होता, बायकोला नांदायला पाठवण्याचा. मुलीची आई घाबरली. "पोलीस येऊन उचलून नेतील का?" तसं होत नाही. आज असा हुकूमनामा झाला तरी कोणी बाईला हाताला धरून सासरी नेत नाही आणि तुरुंगातही टाकत नाही. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर दोघं एकत्र राहिले नाहीत तर त्याच आधारावर दोघांपैकी कोणालाही घटस्फोट मागता येतो. म्हणून हा अर्ज पुष्कळदा घटस्फोटाची पहिली पायरी असतो. त्याला उत्तर न देणं महागात पडतं.

तुरुंग मात्र एके काळी खरोखरच होता, आणि तो याच मुंबईत. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपील झालं, प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते, पण खटला चालू असतानाच १८८५ मध्ये वारले. हे मी आमच्याकडे समन्स आलं त्या वर्षी पहिल्यांदा वाचलं आणि रात्रभर जागा राहिलो. सावत्र बाप, १८८४ साल, मुंबईतले सनातनी विरोधात. माझ्याकडे निदान कायदा तरी होता. त्या काळी हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये केला आणि देशाचा हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला.

आमची पहिली चूक वकिलाच्या बाबतीत झाली. ओळखीतून एक वकील मिळाले. त्यांनी एकरकमी पैसे घेतले, पावती दिली नाही. म्हणाले, "तुम्ही निवांत राहा, मी बघतो." आम्ही निवांत राहिलो. चार तारखा झाल्या तरी आमचं लेखी म्हणणं दाखल झालं नव्हतं. कोर्टात त्याला 'रिटन स्टेटमेंट' म्हणतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ते द्यायचं असतं, फार तर ९० दिवसांत. वर त्यांनी पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागितली. तेव्हा मला माहीत नव्हतं की वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. माहीत असतं तर तिथल्या तिथे उठलो असतो.

वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची ना-हरकत घ्यायची आणि नव्याच्या नावे वकीलपत्र द्यायचं. फी बाकी आहे म्हणून जुने वकील कागद अडवून धरू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. आमची फाइल दोन महिन्यांनी मिळाली. तिच्यात लग्नाची पत्रिका आणि दोन फोटो होते, बाकी काही नव्हतं.

नवा वकील विधी सेवा प्राधिकरणाने दिला, फुकट. मला वाटायचं की हे फक्त गोरगरिबांसाठी असतं आणि माझी मुलगी तर नोकरी करते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना, मग ते पुरुष असले तरी, तोच हक्क आहे. इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये. १५१०० या नंबरवर फोन केला की कुठे जायचं ते सांगतात. दहिसरकरांसाठी मुंबई उपनगर जिल्ह्याचं प्राधिकरण आहे. शिवाय घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी भरावी लागत नाही. ही सवलत १९९४ पासून आहे, आणि ती माझ्या एकाही शेजारणीला माहीत नव्हती.

त्या वकीलबाई वयाने लहान होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी कायद्याचा एक शब्द काढला नाही. नातीच्या वहीतलं एक पान फाडून मुलीपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला काय काय हवंय ते लिहा. आधी मनात येईल ते आधी." मुलीने लिहिलं: १. मुलगी माझ्याकडे. २. माझे दागिने, नऊ तोळे. ३. शाळेची फी त्याने भरावी. ४. मोकळीक. मी वाचून चकित झालो. वर्षभर घरात आम्ही फक्त घटस्फोट घटस्फोट करत होतो आणि तिच्या यादीत तो चौथा होता. दागिन्यांच्या पावत्या कुठे आहेत, फीच्या पावत्या कोणाच्या नावावर आहेत, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याच रात्री कपाट उपसलं.

मग न्यायालय कोणतं, हा प्रश्न आला. दहिसर चेक नाक्याच्या अलीकडे मुंबई उपनगर जिल्हा, पलीकडे मीरा रोडपासून ठाणे जिल्हा. सासर मीरा रोडला, म्हणून जावयाने ठाण्यात अर्ज केला. पण २००३ च्या दुरुस्तीनंतर बायकोला ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणून आमचा घटस्फोटाचा अर्ज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात गेला. दहिसरहून लोकलने वांद्रे आणि पूर्वेला उतरून शेअर रिक्षा. तारखेच्या दिवशी मी रजा टाकायचो आणि कागदांची पिशवी धरायचो.

तिथली भाषा शिकावी लागते. भांडून मागितलेल्या घटस्फोटाचा अर्ज म्हणजे 'ए पिटिशन', दोघांच्या संमतीचा 'एफ', मुलांच्या ताब्याचा 'डी'. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. स्पीड पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर असतो तसंच हे. "वकिलांना विचारून सांगतो" यावर वर्षभर थांबण्यापेक्षा हा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. एक गोष्ट सांगितली पाहिजे की कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. पण कायद्याला अपेक्षित आहे ते नवरा-बायकोने स्वतः बोलणं. म्हणूनच समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे मला बाहेर बसवलं. बरं केलं.

संमतीने घटस्फोट हवा तर दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं. दरम्यान एकाने माघार घेतली तर संमतीचा घटस्फोट होत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग प्रकरणात म्हटलं की वेगळं राहून दीड वर्ष होऊन गेलं असेल, समेटाचे प्रयत्न थकले असतील आणि पैसा, मुलं, दागिने यांचं सगळं ठरलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात. आमचं नोव्हेंबरमध्ये ठरलं. ए पिटिशनचं एफ पिटिशन झालं, ठाण्याचा अर्ज जावयाने मागे घेतला आणि सहा महिन्यांची माफी मिळाली. संमती नसती तर क्रूरता, दोन वर्षं सोडून देणं अशी कारणं पुराव्यानिशी सिद्ध करत वर्षं गेली असती. शेजारच्या बाकावर सात वर्षं येणारी माणसं मी पाहिली आहेत.

कन्सेंट टर्म्स, म्हणजे संमतीच्या अटी, लिहिताना वकीलबाईंनी प्रत्येक शब्दावर मुलीला थांबवलं. 'वडील मुलीला अधूनमधून भेटतील' असं कच्च्या मसुद्यात होतं. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, दहिसर स्टेशन पूर्व, तिकीट खिडकीजवळ. मुलगी म्हणाली, इतकं कशाला? त्या म्हणाल्या, "अधूनमधून म्हणजे काय, यावर पुढचं भांडण होईल." नात आता मोठी झाली आहे. इतक्या वर्षांत त्या रविवारांवरून एकदाही वाद झाला नाही.

पोटगीवरून भांडण असतं तर काय, हे मला नंतर कळलं. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचं आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणून पगाराच्या स्लिपा, बँकेची पासबुकं, भाड्याचे करार यांच्या प्रती आधीपासून जमवाव्यात, बाईने आणि पुरुषानेही. घरात मारहाण होत असेल तर घटस्फोटाची वाट पाहायची नसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्याच घरात राहण्याचा हुकूम आणि खर्चाची रक्कम वेगळी मागता येते. आणि ज्यांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सोडचिठ्ठी करून घेतली आहे, त्यांना कळकळीने सांगतो की तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजाची तशी जुनी रूढी न्यायालयात सिद्ध झाली तर गोष्ट निराळी. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्या एका माणसाला मी फौजदारी नोटीस नेऊन दिली आहे.

मी निवृत्त झालो, पण रावळपाड्यातली माणसं अजून पाकिटं घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक बाई आली. पाकीट तिने घेतलं होतं, पण उघडलं नव्हतं. बारा दिवस देवघरात ठेवलं होतं. आमच्या ओट्यावर बसून आम्ही ते उघडलं. मुलीने चहा ठेवला, मग त्या बाईच्या शेजारी बसून एक एक पान मोठ्याने वाचलं. तारीख आठ दिवसांवर होती. मुलीने नातीची वही आणली, मधलं पान फाडलं आणि पेन त्या बाईच्या हातात दिलं.