अनुदान कोणाच्या खात्यात जाते?
अमेरिकेची शेती : लेखांक ५

अमेरिकेत शेती अनुदानाचे अर्ज काउंटीच्या पातळीवर निकाली निघतात. एकट्या आयोवा राज्यात अशा ९९ काउंट्या आहेत. केंद्रीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीचे स्थानिक कार्यालय कागदपत्रे सांभाळते आणि शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती त्यावर देखरेख ठेवते. पैसे कोणाला द्यायचे याचे नियम मात्र वॉशिंग्टनमधील शेती कायद्यात असतात.

त्यातला मुख्य नियम ‘बेस एकर’चा. मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा ठरावीक पिकांखाली पूर्वी किती जमीन होती, याची ही सरकारी नोंद. ती जमिनीला चिकटलेली असते. जमीन विकली की नोंदही नव्या मालकाकडे जाते. मक्याचा बेस असलेल्या रानात यंदा सोयाबीन पेरले, तरी हिशेब मक्याचाच होतो. भाजीपाला किंवा फळे पिकवणाऱ्याकडे सहसा असा बेस नसतो, त्यामुळे तो या योजनेबाहेर राहतो.

२०१४ च्या कायद्यात मक्याचा संदर्भ भाव बुशेलला (सुमारे २५ किलो) ३.७० डॉलर होता. हंगामाचा सरासरी भाव ३.४० डॉलर राहिला, तर ३० सेंटचा फरक सरकार भरून देते. रक्कम बेसच्या ८५ टक्क्यांवर मोजतात. नोंदलेला उतारा एकरी १२० बुशेल धरला, तर १०० एकरांना ३,०६० डॉलर आणि १,००० एकरांना ३०,६०० डॉलर मिळतात. गरज किती, हे या सूत्रात कुठेच येत नाही. म्हणूनच १९९५ पासूनच्या नोंदींत वरच्या १० टक्के लाभार्थ्यांकडे पीक अनुदानाचा तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा गेलेला दिसतो.

यावर मर्यादा आहे. २०१८ च्या कायद्याने ती माणशी १,२५,००० डॉलर ठेवली. २०२५ मध्ये ती १,५५,००० डॉलर झाली. पण पती आणि पत्नी यांची मर्यादा वेगवेगळी मोजता येते आणि भागीदारीतील प्रत्येक पात्र भागीदाराची स्वतंत्र. २०१८ मध्ये कौटुंबिक शेतीच्या व्याख्येत पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडेही आली. त्यामुळे एकाच मोठ्या शेतीवर अनेक नावे लागू शकतात.

जमिनीचा मालक आणि कसणारा वेगळे असले की वाटणी बदलते. जमीन पिकाच्या वाट्याने कसायला दिली असेल, तर अनुदानही त्याच वाट्याने विभागले जाते. रोख खंड ठरला असेल, तर ते कसणाऱ्याच्या नावावर जमा होते. मात्र बेस असलेल्या जमिनीला खंड जास्त मागता येतो आणि अनुदानाचा काही भाग मालकाकडे पोहोचतो. हा मालक अनेकदा निवृत्त शेतकरी किंवा दूरच्या शहरात राहणारा वारस असतो. १९८५ मध्ये सुरू झालेल्या संवर्धन राखीव योजनेत तर धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पडीक ठेवण्याबद्दल सरकारच वार्षिक भाडे देते. तिथे मालकाने नांगर धरण्याची गरजही उरत नाही.

काउंटीच्या लाभार्थी यादीत ही थेट देणी सापडतात. पीकविम्याच्या हप्त्यातील सरकारी वाटा, जो सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास असतो, तिथे दिसत नाही. त्याला माणशी मर्यादा नाही आणि विमाधारकांची नावेही जाहीर होत नाहीत.

(पुढील लेखांक : पीकविमा)